रोबो चालला, पण चुकला किती?

गणपतीतल्या हलत्या देखाव्यांची यंत्रणा मोठी साधी असते. पडद्यामागे एक मोटर, तिच्या दांड्यावर लंबगोल कापलेली चकती आणि त्या चकतीला टेकलेली पट्टी. चकती फिरली की पट्टी वरखाली होते आणि पुढे पुतळ्याचा हात उठतो. अफझलखानवधाच्या देखाव्यातून खानाचा पुतळा कुणी उचलून बाजूला ठेवला, तरी समोरचा हात ठरल्या क्षणी तसाच उठणार. आपल्यापुढे कोण आहे हे त्या हाताला कळण्याची सोयच नसते. देखाव्याला तशी गरजही नाही. निवेदन संपते, पडदा पडतो आणि थोड्या वेळाने तेच सगळे पुन्हा होते. अडचण एवढीच की, शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत 'रोबो' म्हणून जे टेबलावर मांडले जाते, त्यातले पुष्कळसे याच जातीचे असते. मोबाइलवरचे बटण दाबले की गाडी पुढे जाते, सोडले की थांबते. किंवा दोन सेकंद सरळ, अर्धा सेकंद डावीकडे, पुन्हा दोन सेकंद सरळ, असा पाठ केलेला कार्यक्रम ती म्हणून दाखवते. वाटेत वही ठेवली तर वहीवर डोके टेकून चाके फिरवत राहते. हा हलता देखावाच झाला. चकतीच्या जागी चिप आली, एवढाच फरक.

हवे होते काय आणि झाले काय, यांतले अंतर यंत्र स्वतः मोजू लागते आणि त्या हिशेबाने पुढची हालचाल ठरवते, तिथून रोबोटिक्स सुरू होते. नियंत्रणशास्त्रात या अंतराला सरळ 'चूक'च म्हणतात. छंद म्हणून किंवा विषय म्हणून रोबोटिक्स शिकवायचे असेल तर सुरुवात या चुकीपासून करावी आणि गुणही तिच्या आलेखाला द्यावेत, असे माझे म्हणणे आहे. हे आत्ताच बोलायला हवे, कारण पैसा येतो आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब सुरू केल्या. एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि अशा सुमारे १०,००० लॅब देशात उभ्या राहिल्या आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० लॅब काढण्याची घोषणा झाली. थ्रीडी प्रिंटर, मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, हत्यारे यांची यादी तयार करणे सोपे असते. ही खोकी उघडल्यावर मुलांनी नेमका कोणता प्रश्न सोडवायचा, हे ठरवणे अवघड, आणि ते कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते.

चूक मोजून दुरुस्त करण्याची ही कल्पना आपल्या घरात आधीच राहायला आहे. टाकीतला तरंगता गोळा पाणी चढले की स्वतःच नळ बंद करतो. इस्त्री तापली की आतली धातूची पट्टी वाकते आणि वीज तोडते. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की खालून कुणीतरी 'अहो, पंप बंद करा' म्हणून ओरडते. इथे शेजारच्या काकू हाच सेन्सर असतो, आणि त्या गावाला गेल्या की पाणी जिन्यावरून वाहते. या फेऱ्याला मराठीत अधिकृत शब्द 'प्रत्याभरण' असा आहे. शिक्षकांना तो प्रशिक्षणाच्या शेवटी भरायच्या कागदांवर भेटतो, त्यामुळे त्याच्याविषयी फार कुणाला प्रेम उरलेले नाही. इथे फीडबॅकच म्हणू. या फेऱ्याचा खोडकर स्वभावही घरातच दिसतो. गीझर लांब असेल तर गरम नळ फिरवल्यावर पाणी गरम यायला काही क्षण जातात. तेवढा दम न निघून आपण नळ आणखी फिरवतो, मग अंग भाजते, म्हणून एकदम उलटा फिरवतो आणि थोड्या वेळाने कुडकुडतो. आपला हेतू बरोबर, दिशा बरोबर, तरी पाणी गरम-थंड हेलकावे खाते. उशिरा मिळालेल्या माहितीवर जोरात केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा वाईट असते, हा नियंत्रणशास्त्रातला एक पायाभूत सिद्धांत न्हाणीघरात रोज सिद्ध होतो.

हा विषय इतिहासात ज्या क्रमाने घडला आणि आपण तो ज्या क्रमाने शिकवतो, त्यांची दिशा बरोबर उलटी आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला दोन फिरत्या गोळ्यांचा नियामक बसवला. कल्पना पवनचक्क्यांतून उचललेली होती: वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी मिटते. गिरण्या त्यावर चालल्या. पुढे इंजिने अधिक नेटकी घडवली जाऊ लागली, घर्षण कमी झाले, आणि चमत्कारिक गोष्ट घडली: यंत्र सुधारले तसा वेग अस्थिर होऊ लागला, तो सतत वरखाली व्हायला लागला. जुन्या ओबडधोबड इंजिनातले घर्षणच हेलकाव्यांना आवर घालत होते, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये या नियामकांच्या स्थिरतेचे गणित मांडले, म्हणजे यंत्रानंतर ८० वर्षांनी. निकोलस मिनॉर्स्कीने १९२२ मध्ये जहाजाच्या आपोआप चालणाऱ्या सुकाणूचा सिद्धांत लिहिला, तो सुकाणूवरच्या माणसांचे निरीक्षण करून. चांगला सुकाणूधर आत्ता जहाज किती भरकटले एवढेच पाहत नाही. ते कधीपासून एका बाजूला झुकते आहे आणि भरकटणे वाढते आहे की घटते आहे, हेही तो हेरतो. आज जगभरच्या कारखान्यांत चालणाऱ्या पीआयडी नियंत्रकाची तीन अक्षरे म्हणजे या तीन नजरा. आपल्या अभियांत्रिकीत मात्र विद्यार्थ्याला आधी लाप्लास रूपांतर, मग राउथचा तक्ता, रूट लोकस, बोडे आणि नायक्विस्ट भेटतात. हेलकावे खाणारी मोटर भेटली तर भेटली. उत्तर पाठ असते. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे कधीच कळलेले नसते.

मग सुरुवात कुठून करायची? पहिल्या धड्याला एक रुपयाही लागत नाही. वर्गाच्या फरशीवर खडूने नागमोडी रेघ काढा आणि एका मुलाचे डोळे बांधून त्याला रेघेवर उभे करा. मागून चालणाऱ्या दुसऱ्याने फक्त 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' एवढे दोनच शब्द वापरायचे. डोळे बांधलेला मुलगा रेघेच्या दोन्ही बाजूंना झुलत पुढे जाईल. दुसऱ्या फेरीत 'थोडे डावीकडे', 'बरेच उजवीकडे' असे म्हणायची मुभा द्या. चाल लगेच सुधारेल, कारण दुरुस्ती आता चुकीच्या प्रमाणात होते आहे. तिसऱ्या फेरीत सांगणाऱ्याने चूक दिसल्यावर मनात एक-दोन-तीन मोजून मगच बोलायचे. वर्ग हसून लोळेल, पण मुलगा रेघ सोडून बाकांत शिरेल. आता वर्गालाच उपाय विचारावा. हळू चाल, नाहीतर दुरुस्त्या लहान कर, अशी दोन उत्तरे हमखास येतात, आणि विलंब असलेल्या प्रणालीसाठी नियंत्रण अभियंताही हेच दोन उपाय आधी करून पाहतो. अर्ध्या तासात झाले. संगणक अजून सुरूही केलेला नाही.

यानंतर यंत्र. इटलीतल्या इव्हरेआ गावच्या डिझाइन संस्थेत २००५ मध्ये आर्डुइनो जन्माला आला, तो इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी. त्याच्या उनो जातीच्या बोर्डावरची चिप सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालते, पण चालत्या कामासाठी तिची स्मृती अवघी २ किलोबाइट, म्हणजे टंकलिखित इंग्रजी पानाएवढी. चाकांच्या एका गाडीला ती भरपूर होते. असा बोर्ड, बाजारात बीओ म्हणून मिळणाऱ्या दोन पिवळ्या मोटरी, मोटर ड्रायव्हर, पाच इन्फ्रारेड सेन्सरांची पट्टी, चाके आणि सेल हे सगळे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दीड-दोन हजार रुपयांत होते. लिथियमचे सुटे सेल मात्र शाळेने टाळावेत. शॉर्ट झाले तर ते पेट घेऊ शकतात. सेन्सर लगेच जोडू नयेत, आधी गाडी आंधळीच सोडावी. दोन्ही मोटरींना तंतोतंत सारखी आज्ञा देऊन तीन मीटर पळवावी आणि ती मधल्या रेघेपासून किती सेंटिमीटर सरकली ते टेपने मोजावे. हे दहा वेळा करावे. एकाच कारखान्यातल्या, एकाच पुड्यातल्या दोन मोटरी सारख्या नसतात, हे पहिल्याच खेपेला दिसते. दहा आकडे शेजारी शेजारी लिहिले की आणखी खोल गोष्ट दिसते: गाडी दर वेळी उजवीकडेच जाते, पण दर वेळी सारखीच जात नाही. नेहमी उजवीकडे जाण्याचा भाग एका मोटरीचा जोर थोडा कमी करून काढता येतो. दर खेपेला बदलणारा भाग कितीही हुशारीने आधी ठरवून काढता येत नाही; त्यासाठी पाहावेच लागते. सेन्सर का हवा, याचे याहून चांगले उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. मग सेल थोडे उतरू द्यावेत आणि तोच प्रयोग पुन्हा करावा. सकाळी बसवलेला हिशेब दुपारी चुकलेला असतो.

आता सेन्सरांची पट्टी जोडून काळ्या चिकटपट्टीच्या रेघेवर गाडी चालवायची. 'रेघ डावीकडे दिसली तर डावीकडे वळ' एवढाच नियम दिला तर ती डोळे बांधलेल्या मुलासारखी झुलते. चूक जेवढी, वळण तेवढे, असा नियम दिला की ती शहाणी होते. हा प्रमाणाचा आकडा वाढवत नेला तर आधी वळणे घट्ट घेते, मग थरथरू लागते, मग रेघेवरून उडते. झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये हीच थरथर मोजमाप म्हणून वापरली: हेलकावे ना विरतात ना वाढतात त्या आकड्यापर्यंत जा आणि नुसते प्रमाणाचे नियंत्रण असेल तर तो आकडा निम्म्यावर आणा. चूक किती वेगाने बदलते आहे याचा अंश मिसळला की थरथर निवते, कारण गाडी रेघेकडे वेगाने येत असतानाच आवरते घेते. मात्र सेन्सरचा आकडा ट्यूबलाइटखाली कापत असेल तर हा अंश त्या कापण्यालाच खरी हालचाल समजून मोटरींना हिसके देतो. साठलेल्या चुकीचा अंश तर माणसासारखाच वागतो. गाडी थोडा वेळ हातात धरून ठेवली तर तो आतल्या आत राग साठवत राहतो आणि सोडल्याबरोबर ती भलतीकडेच झेप घेते. त्या साठ्याला मर्यादा घालावी लागते, हे मुलांना सांगावे लागत नाही. गाडी भिंतीवर आदळली की ती स्वतःच विचारतात.

विलंबाचा हिशेब तर सातवीच्या अंकगणितात बसतो. गाडी सेकंदाला ५० सेंटिमीटर जात असेल आणि प्रोग्रॅमचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होत असेल, तर दोन नजरांमध्ये ती अर्धा सेंटिमीटर सरकते. कुणी प्रोग्रॅममध्ये २०० मिलिसेकंद थांबण्याची आज्ञा घातली की ती दर खेपेला १० सेंटिमीटर आंधळी धावते, आणि चिकटपट्टीची रुंदी असते दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. यातली मजेदार मेख अशी की, चूक पाहावी म्हणून ती संगणकाकडे छापायला सांगितली तर छापण्यालाही वेळ लागतो. ९६०० बॉडच्या जुन्या सवयीच्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे जातात. फेऱ्यागणिक ४८ अक्षरांची ओळ छापत राहिलो तर दर ओळीला ५० मिलिसेकंद गेले. म्हणजे चुकीवर नजर ठेवण्याच्या नादात चूक वाढते. ओळ आखूड करा, छापण्याचा वेग वाढवा, दर दहाव्या फेऱ्यालाच छापा, असे तीन उपाय मुले शोधून काढतात. यंत्राच्या बाबतीत मोजणे कधीच फुकट नसते, ही जाणीव आठवीत आली तर पुढे प्रयोगशाळेत ती कायम उपयोगी पडेल.

आणि छापायचेच, कारण माझा सगळा भर आलेखावर आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर चूक. आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्येच असा आलेख पडद्यावर काढण्याची सोय आहे. ती नसली तरी आकडे उतरवून आलेखवहीत काढता येतो. गाडी 'छान चालते' या वाक्याला शेंडा-बुडखा नसतो. धक्का दिल्यावर ती किती सेंटिमीटर भरकटली, रेघेवर यायला किती वेळ लागला, येताना किती वेळा पलीकडे गेली, ही तीन उत्तरे आलेखातून मोजून मिळतात, आणि बोडे-नायक्विस्टचे सारे गणित शेवटी याच तीन उत्तरांची आगाऊ बातमी देण्यासाठी आहे. मूल्यमापन या आलेखावर झाले तर न चाललेल्या गाडीलाही चांगले गुण मिळू शकतील. तिचा आलेख काढून ती का चालली नाही हे सांगणाऱ्या मुलीला, इंटरनेटवरचा प्रोग्रॅम जसाच्या तसा भरून गाडी पळवणाऱ्यापेक्षा जास्त कळलेले असते.

यावर पहिला आक्षेप विषय शिकवणारे प्राध्यापकच घेतील आणि तो सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतील, आकडे फिरवून गाडी सरळ करणे हे नियंत्रणशास्त्र नव्हे, हा जुगाड आहे. याने मुलांना गणिताशिवाय भागते असा गैरसमज होईल. भीती खरी आहे. नुसत्या अंदाजाने आकडे फिरवत बसलेला विद्यार्थी तासाभरात काही शिकत नाही, फक्त थकतो. त्यावर उपाय एकच: आकडा बदलण्याआधी काय होईल ते वहीत लिहायचे, मग बदलायचा, मग ताडून पाहायचे. ही भाकिते जिथे चुकू लागतात तिथे गणिताची गरज आपणहून लागते. गणित केव्हा अपरिहार्य होते, हे काठीच्या खेळावरून सांगता येते. डोंबारी तळहातावर लांब बांबू तोलतो. पेन्सिल तशी कुणालाच तोलता येत नाही, ती लहान आणि हलकी असूनही. हाताने तोललेल्या एक मीटरच्या काठीचा तिरकेपणा साधारण पाव सेकंदात पावणेतीनपट होतो, १५ सेंटिमीटरच्या पेन्सिलीचा सेकंदाच्या दहाव्या भागात. माणसाला डोळ्याने पाहून हात हलवायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. काठीच्या बाबतीत तेवढी सवड आहे, पेन्सिलीच्या बाबतीत नाही. सरावाने ती मिळत नाही. दोन चाकांवर उभा राहणारा रोबो बनवू पाहणारा कुणीही या भिंतीशी येतो, आणि मग विकलक समीकरण त्याला शिक्षा वाटत नाही. आधी गणित की आधी यंत्र, हा वाद मला निष्फळ वाटतो. हेलकावा आधी दिसावा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा. जग कृत्रिम बुद्धिमत्तेकडे निघाले असताना मुलांना काळ्या रेघेवर गाड्या काय चालवायला लावता? बोलणारा, हात मिळवणारा, माणसासारखा रोबो घ्या. असा रोबो विकत मिळतो आणि उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तो उत्तम आहे. मुलांसाठी तो बंद पेटी असतो. याउलट १९४०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने दोन-दोन रेडिओ व्हॉल्व्हवर चालणारी यांत्रिक कासवे बनवली होती. ती उजेडाकडे जात, अडथळ्याला वळसा घालत आणि विद्युतभार संपत आला की आपल्या खुराड्याकडे परतत. पाहणाऱ्यांना त्यांच्यात स्वभाव दिसत असे. त्यांच्या आत काय आहे हे एका फळ्यावर काढून दाखवता येते. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्णय कितीही हुशारीने घेतला, तरी शेवटी कुठलीतरी मोटर फिरते आणि ती मोटर फीडबॅकच्या फेऱ्यानेच आवरावी लागते. आणि फेरा मोजमापाइतकाच शहाणा असतो. बोइंग ७३७ मॅक्स विमानांत नाक खाली ढकलणारी स्वयंचलित यंत्रणा एका वेळी एकाच कोनमापक सेन्सरवर विसंबत होती. २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि २०१९ मध्ये इथिओपियात त्या सेन्सरकडून चुकीचा कोन आला, यंत्रणेने तो खरा मानला, आणि दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. 'सेन्सर खोटे बोलला तर?' हा प्रश्न गाडीच्या एका सेन्सरवर कागद चिकटवून सहावीतही विचारता येतो.

शिक्षक कुठून आणायचे, हा तिसरा आक्षेप, आणि त्याला गुळगुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही. विज्ञानाच्या ज्या शिक्षकाकडे निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंत सगळी कामे आहेत, त्याला आणखी एक लॅब सांभाळ म्हणणे सोपे नाही. तरीही साधनांच्या बाबतीत महाराष्ट्र गरीब नाही. पवईच्या आयआयटीत कन्नन मौदगल्य यांनी नियंत्रण शिकवण्यासाठी एका छोट्या बोर्डावरची तापक प्रणाली विकसित केली: तापणारी तार, तिने तापणारी पोलादी पट्टी, एक पंखा, एक तापमापक सेन्सर. पट्टीचे तापमान ठरल्या जागी ठेवायचे आणि मध्येच पंखा लावून त्यात विघ्न आणायचे. ती इंटरनेटवरून दुरूनही चालवता येईल अशी सोय त्यांनी केली. त्यांच्याच पुढाकाराच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात आहेत. त्याच संस्थेतला ई-यंत्र उपक्रम अभियांत्रिकी महाविद्यालयांना रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभ्या करायला आणि शिक्षक घडवायला मदत करतो. आणि शिरूर-खेडच्या टापूत पाबळला श्री. श्री. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम हाताने काम करत शिकण्याची वाट तेव्हापासून चालतो आहे. तिथे फॅब लॅब आली ती २००२ मध्ये, 'मेकर' हा शब्द आपल्या शहरांत यायच्या कितीतरी आधी.

पाबळवरून आठवण होते ती अशी की, रोबो म्हणजे चाकांची गाडीच, हा हट्टही सोडायला हवा. ग्रामीण शाळेला अंडी उबवण्याची पेटी हा रेघेवरच्या गाडीपेक्षा सरस प्रयोग आहे. थर्माकोलचा डबा, बल्ब, छोटा पंखा, तापमापक सेन्सर आणि तोच बोर्ड. कोंबडीच्या अंड्यांना साधारण ३७.५ अंश सेल्सिअस तापमान २१ दिवस लागते. बल्ब लावला-विझवला तर तापमान किती वरखाली होते, झाकण उघडून अंडी फिरवली की सावरायला किती मिनिटे लागतात, वीज गेली तर डबा किती वेळ तग धरतो, या सगळ्यांचे आलेख निघतात आणि फेरा इतका संथ असतो की तो घड्याळ आणि वही घेऊन हाताने चालवता येतो. मुलांनी एक दिवस स्वतः नियंत्रक व्हावे, दर पाच मिनिटांनी तापमान वाचून बल्ब लावावा-विझवावा, अंडी न ठेवता अर्थातच. अंडी ठेवायची ती आलेख सपाट झाल्यावर. या प्रयोगाची किंमत चुकीच्या हिशेबाने मोजली जात नाही, पिल्लांनी मोजली जाते, म्हणून मुलांना घाई करता येत नाही, आणि शिक्षकांनाही.

स्पर्धांचे काय, असे विचारले जाईल. स्पर्धा हव्यात. २००८ मध्ये आशिया-प्रशांत रोबोकॉन पुण्यात झाली तेव्हा खेळाची संकल्पनाच 'गोविंदा' होती. दहीहंडीवर आधारलेल्या खेळात देशोदेशीचे रोबो उतरले. तिथवर पोचणाऱ्या संघांना नियंत्रण येतेच, त्याशिवाय मैदानावर रोबो टिकत नाही. प्रश्न शाळेच्या आणि तालुक्याच्या पातळीवरचा आहे, जिथे परीक्षकाला एका टेबलापाशी जेमतेम तीन मिनिटे मिळतात आणि दिवे लुकलुकणारे यंत्र जिंकते. त्या तीन मिनिटांसाठी नवे परिपत्रक किंवा नवी निविदा लागणार नाही. परीक्षकाने चालत्या रोबोला बोटाने हलका धक्का द्यावा. देण्याआधी मुलीला विचारावे, हा किती वेळात परत रेघेवर येईल? ती एक आकडा सांगेल. मग धक्का द्यावा, घड्याळ पाहावे आणि तिची आलेखवही उघडायला सांगावी.